स्पोर्ट्‌स, पोनी आणि मसल : तीन नावांच्या मोटारी

व्यापारात नावाला किंमत असते. कापसाचा धागा लांब की आखूड, एवढ्या एका शब्दावर भाव ठरतो; म्हणून मालाची प्रत सांगणाऱ्या शब्दांविषयी व्यापारी जितका काटेकोर असतो, तितका अन्य कोणी क्वचितच असेल. मोटारींच्या बाजारात मात्र तीन नावे अशी आहेत की, ती आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन दारांची, वेगवान व मोठा आवाज करणारी कोणतीही गाडी दिसली की, तिला ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेत स्पोर्ट्‌स कार, पोनी कार आणि मसल कार या तीन निरनिराळ्या वस्तू मानल्या जातात. त्या निरनिराळ्या गरजांतून जन्मल्या व त्यांचे गिऱ्हाईकही निराळे होते. ‘अधिक वेगवान कोणती?’ या प्रश्नाने त्यांतील भेद उलगडत नाही. ‘ती कशापासून बनविली आणि कशासाठी?’ असे विचारले, म्हणजे तो उलगडतो.

स्पोर्ट्‌स कार

तिघींत ही वडील. हलके वजन, बहुधा दोनच बैठका, जमिनीलगत बांधणी आणि वळणावर चालकाच्या हाताला तत्काळ साद देणारे स्टिअरिंग, ही तिची लक्षणे होत. इंजिन मोठे असलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या गाड्यांची गोडी लावण्यात इंग्लंडमध्ये १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेल्या एम. जी. टी. सी. या गाडीचा मोठा वाटा होता. तिचे इंजिन अवघे १,२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ५४ अश्वशक्ती. स्टिअरिंगही अमेरिकन रिवाजाविरुद्ध उजव्या बाजूस होते. सरळ रस्त्यावर एखादी साधी अमेरिकन घरगुती गाडी तिला मागे टाकू शकली असती. तथापि नागमोडी वाटेवर गाडी चालविण्याचा जो आनंद तिने दिला, तो त्या प्रशस्त गाड्यांत नव्हता.

ही मागणी पाहून जनरल मोटर्सने १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट बाजारात आणली. तिचे अंग फायबरग्लासचे होते व पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. परंतु तिला सहा सिलिंडरांचे इंजिन व दोनच गतींचा स्वयंचलित गिअर दिल्यामुळे रूप स्पोर्ट्‌स कारचे आणि चाल मात्र सौम्य, अशी स्थिती झाली. १९५५ साली आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन मिळाल्यानंतर आणि झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने तिच्याकडे लक्ष पुरविल्यानंतर ती नावाला जागू लागली.

पोनी कार

पोनी म्हणजे तट्टू. हे नाव फोर्ड कंपनीच्या ‘मस्टँग’वरून पडले, मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरील मोकाट घोडा. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्या सुमारास गाडी चालविण्याच्या वयात येत होती. तिला वडिलांच्या गाडीहून निराळे रूप हवे होते. खिशात मात्र फार पैसा नव्हता. ली आयाकोका यांनी ही नाडी ओळखली.

त्यांची युक्ती व्यापाऱ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. नवी गाडी मुळापासून घडविण्याचा खर्च फोर्डने टाळला. ‘फॅल्कन’ या आपल्या स्वस्त घरगुती गाडीचेच बरेचसे भाग घेऊन त्यांवर लांब बॉनेट, आखूड पाठ व चार बैठका असलेले नवे अंग चढविले. मूळ किंमत २,३६८ डॉलर एवढीच ठेवली आणि त्यासोबत जादा सोयींची लांबलचक यादी दिली. मोठे इंजिन, निराळा गिअर, रेडिओ, शोभेच्या वस्तू, ज्याला जे हवे ते त्याने वेगळे पैसे मोजून घ्यावे. यामुळे एकाच नावाची गाडी काटकसरी नोकरदार स्त्रीचीही झाली व वेगाच्या शौकिनाचीही झाली. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० मागण्या नोंदल्या गेल्या आणि पहिल्या बारा महिन्यांत ४,१८,८१२ गाड्या विकल्या गेल्या.

वस्तुतः प्लिमथ कंपनीची ‘बॅराकुडा’ मस्टँगच्या दोन आठवडे आधीच विक्रीस आली होती. पण वर्गाला नाव मिळाले ते मस्टँगचे. पुढे कॅमारो, फायरबर्ड, जॅव्हेलिन व चॅलेंजर या गाड्या त्याच मार्गाने आल्या.

मसल कार

मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत, ज्यात घरचे चार-पाच माणसांचे बिऱ्हाड आरामात बसते अशा गाडीत, मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवावे व ती बेताच्या किमतीत विकावी, ही तिची व्याख्या. सरळ रस्त्यावर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत झेप घेणे हे तिचे काम. वळण व ब्रेक यांत ती बहुधा उणी पडे.

या वर्गाची सुरुवात सामान्यतः १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जी. टी. ओ. पासून मानतात. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार मध्यम गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन देण्यास मनाई होती. पाँटिअ‍ॅकचे अभियंते जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून न देता सुमारे २९६ डॉलरचा ‘जादा संच’ म्हणून देऊ केले. नियमाचा शब्द राहिला, हेतू मात्र बाजूस पडला. पाच हजार गाड्यांचा अंदाज होता, खपल्या ३२,४५०. १९६८ साली प्लिमथ ‘रोड रनर’ने तर गालिचे व इतर सजावट छाटून केवळ बळ विकले.

सीमारेषा व मापे

या सीमा पक्क्या राहिल्या नाहीत. पोनी गाड्यांतही लवकरच दांडगी इंजिने शिरली. त्यामुळे मोठ्या इंजिनाची मस्टँग किंवा कॅमारो पोनीही ठरते व मसलही. १९६५ साली कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगची मागची बैठक काढून टाकली, कारण अमेरिकेच्या स्पोर्ट्‌स कार क्लबच्या शर्यतींत ती दोन बैठकांची गाडी म्हणून दाखल व्हावयाची होती. एक बैठक गेली आणि गाडीचा वर्ग बदलला.

नावाप्रमाणे मापही निसरडे होते. त्या काळी अमेरिकेत इंजिनाची शक्ती ते गाडीबाहेर, आवाज दाबणारी नळी व इतर जोडकामे न लावता मोजून सांगत. गाडीत बसविल्यावर ती बरीच घटे. कॉर्व्हेटचे १९७१ सालचे ४५४ घनइंची इंजिन जुन्या मापाने ३६५ अश्वशक्तीचे होते, तर प्रत्यक्ष जोडणीसह मोजल्यास २८५ चे. उलटपक्षी विमा कंपन्यांनी बलवान गाड्यांवर जादा हप्ता लावताच काही इंजिनांची शक्ती मुद्दाम कमी सांगितली जाऊ लागली. १९७२ पासून नवे, निव्वळ शक्तीचे माप सर्वत्र रूढ झाले. विम्याचे वाढते हप्ते, १९७० सालचा हवाशुद्धीचा कायदा आणि ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदी यांनी मसल कारचा पहिला बहर संपविला.

या भेदाला आज रोकड किंमत आहे. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांत १९६४ व १९६५ सालच्या खऱ्या जी. टी. ओ. ला तिच्या साध्या भावंडापेक्षा कितीतरी अधिक भाव येतो. परंतु ती ‘जादा संच’ म्हणून विकली गेल्यामुळे सांगाड्याच्या क्रमांकावरून तिची ओळख पटत नाही. साध्या गाडीला जी. टी. ओ. ची अक्षरे चिकटवून फसविणे त्यामुळे सोपे जाते. म्हणून जाणता गिऱ्हाईक कारखान्याच्या मूळ बीजकाची नोंद मागतो. नियमातून काढलेली पळवाट साठ वर्षांनंतरच्या खरेदीदाराला अशी भोवते.

बाजार बदलला की नावाचा अर्थही बदलतो, याचे उदाहरण आपल्या देशातही घडले. २०१६ साली मस्टँग भारतात पूर्ण बांधणीची गाडी म्हणून आयात होऊन विक्रीस आली, तेव्हा दिल्लीतील तिची किंमत सुमारे ६५ लाख रुपये होती. जी गाडी तरुण नोकरदाराच्या खिशाला परवडावी म्हणून जन्मली, ती येथे श्रीमंतांची चैन झाली आणि बहुतेकांनी तिला स्पोर्ट्‌स कारच म्हटले. कॅमारो व चॅलेंजर यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले.

सारांश, स्पोर्ट्‌स कारमध्ये चालकाच्या हाताचे कौशल्य विकले जाते, पोनी कारमध्ये बेताच्या किमतीत रूप व निवड विकली जाते, आणि मसल कारमध्ये साध्या अंगातले दांडगे इंजिन विकले जाते. गाडीच्या अंगावरची अक्षरे वाचून यांतील एकही गोष्ट सिद्ध होत नाही. बॉनेट उघडून इंजिन पाहावे, बैठका मोजाव्या, शक्तीचे माप कोणते ते विचारावे व बीजक तपासावे. मग नाव उच्चारावे. माल कोणताही असो, त्याची पारख याच क्रमाने व्हावयास हवी.