मोठ्यात मोठा, लहानात लहान

मुलांनो, चैत्र सरत आला म्हणजे आमच्या मालवण-देवगड भागातील बागांतून हापूस आंब्याच्या पेट्या भरण्याची एकच लगबग सुरू होते. पेटी भरणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. एका पेटीतील आंबे शक्यतो सारख्या वजनाचे असावे लागतात. ते तसे आहेत की नाहीत, हे पाहण्याचा एक मार्ग असा की, त्यांतील सर्वांत जड आणि सर्वांत हलका असे दोनच आंबे शोधून काढावेत. त्या दोहोंत फारसे अंतर नसेल, तर उरलेल्यांची चिंता करण्याचे कारण नाही; कारण ते सारे या दोहोंच्या मध्येच कोठेतरी असणार.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या बागेत मी हा प्रयोग करून पाहिला. वीज गेल्यामुळे विजेचा काटा बंद पडला होता, म्हणून माळ्यावरचा जुना तराजू खाली काढण्यात आला. त्याची वजने केव्हाच हरवली होती. तेव्हा दोन पारड्यांत दोन आंबे ठेवावेत आणि कोणते पारडे खाली जाते ते पाहावे, एवढेच आमच्या हाती होते. नमुन्यादाखल आठ आंबे घेतले. हापूस जितका कमी हाताळावा तितका बरा. घासला की डागाळतो आणि देठ तुटून चीक ओघळला की सालीवर काळा ओरखडा उमटतो. म्हणून तोलण्याची संख्या जितकी कमी तितका मालाचा लाभ अधिक.

मी माझ्या रीतीने आरंभ केला. पहिला आंबा दुसऱ्याशी तोलला, जड ठरला तो तिसऱ्याशी, त्यातील जड तो चौथ्याशी. असे सात वेळा तोलल्यावर सर्वांत जड आंबा हाती आला. तो बाजूला ठेवून उरलेल्या सातांत सर्वांत हलका शोधण्यास आणखी सहा वेळा तोलावे लागले. एकूण तेरा. ‘याहून कमी होणे शक्य नाही,’ असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले. गणित हा काही माझा विषय नव्हे, पण चाळीस वर्षे शिकवण्यात गेलेल्या माणसाला असा आत्मविश्वास आपोआप येतो.

स्नेह्यांची सातवीतील मुलगी इतका वेळ शेजारी गवत पसरीत बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, जो एकदा हलको ठरलो, तो सगळ्यांत मोठो कसो असतलो?”

प्रश्न साधा होता, परंतु त्याने माझी चूक उघडी पडली. दोन आंबे तोलले म्हणजे तराजू एक नव्हे, तर दोन गोष्टी सांगतो: हलका ठरलेला आंबा सर्वांत मोठा नव्हे आणि जड ठरलेला आंबा सर्वांत लहान नव्हे. मी पहिल्या फेरीत फक्त पहिली गोष्ट ऐकत होतो. दुसरी वाया जात होती आणि तिच्यासाठी मी तेच आंबे पुन्हा तोलीत होतो.

मुलीने आठ आंब्यांच्या चार जोड्या लावल्या. चार वेळा तोलून प्रत्येक जोडीतील जड आंबा उजवीकडे आणि हलका डावीकडे ठेवला. (दोन्ही पारडी बरोबरीत राहिली, तर कोणताही कोठेही ठेवला तरी चालते.) आता सर्वांत मोठा आंबा उजवीकडच्या चारांतच असणार, तो तीन वेळा तोलून मिळाला. सर्वांत लहान डावीकडच्या चारांतच. तोही तिनांत मिळाला. चार, तीन आणि तीन मिळून दहा! आंबे नऊ असते, तर एकाला जोडीदार मिळाला नसता. अशा एकट्या आंब्याला दोन्ही ढिगांशी तोलावे, म्हणजे काम बारांत भागते.

आता तुम्ही विचाराल, नऊ वेळांत जमणार नाही काय? विचार करून पाहा. आठांपैकी सात आंबे ‘सर्वांत मोठे नव्हेत’ आणि सात ‘सर्वांत लहान नव्हेत’ अशी चौदा विधाने सिद्ध झाली पाहिजेत. एकदाही न तोललेले दोन आंबे समोरासमोर आले, तर दोन विधाने एकदम हाती येतात. पण अशा जोड्या चारांहून अधिक होऊच शकत नाहीत. त्यांतून आठ विधाने मिळतात. त्यानंतर प्रत्येक तोलण्यातून एकाच नव्या विधानाची खात्री देता येते, कारण एकदा जड ठरलेला आंबा पुन्हा जड ठरला तर त्याच्याविषयी नवे काहीच कळत नाही. म्हणून उरलेल्या सहा विधानांना सहा वेळा. दैव अनुकूल असेल तर एखादे वेळी कमीत भागेलही. परंतु दैवावर भरवसा ठेवून पद्धत आखता येत नाही. आयरा पोल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली या प्रश्नाचा निकाल लावला. वस्तू कितीही असोत, त्यांच्या संख्येची दीडपट करून दोन वजा करावेत (अपूर्णांक आल्यास पुढचा पूर्णांक घ्यावा). त्याहून कमी तुलनांची हमी कोणतीही पद्धत देऊ शकत नाही.

संगणकापुढेही हाच प्रश्न येतो. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या हजार नोंदी त्याला दिल्या आणि सर्वांत उंच व सर्वांत खालची पातळी विचारली, तर माझ्या रीतीने त्याला १९९७ तुलना कराव्या लागतील, मुलीच्या रीतीने १४९८. सी प्लस प्लस नावाच्या संगणकभाषेत २०११ सालापासून ही दोन्ही टोके एकदम शोधून देणारी तयार आज्ञा आहे आणि तुलना दीडपटीच्या आत राहिल्या पाहिजेत, असे बंधन त्या भाषेच्या नियमांतच घातलेले आहे. दोन साध्या आकड्यांची तुलना मात्र संगणक डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच उरकतो. तेथे ही काटकसर फारशी जाणवणार नाही. जेथे एकेक तुलनाच वेळखाऊ असते, जसे लांबलचक मजकूर एकमेकांशी ताडून पाहायचे असतात, तेथे ती खरोखर उपयोगी पडते.

त्या दिवशी वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. पुढच्या पेट्यांचे आंबे मुलीनेच तोलले; मी जोड्या लावून देत होतो.