विश्लेषण : शिडाच्या छोट्या बोटीची दोर-कप्पी घरच्या घरी कशी जमते?

वऱ्हाडाला समुद्र नाही. पण मोर्शीजवळचा अप्पर वर्धा, अकोला जिल्ह्यातील महानचा काटेपूर्णा असे मोठे जलाशय आहेत. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागातील छात्र ‘एंटरप्राइज’ या दोघांनी चालवायच्या बोटीवर शीड हाताळायला शिकतात. १९५६ मध्ये आलेली ही बोट जेमतेम चार मीटर लांबीची. अशा बोटीचे शीड ताब्यात ठेवणारी दोर-कप्प्यांची जुळणी कमी खर्चात स्वतः करता येते. मात्र, काही ठिकाणी काटकसर जिवावर बेतू शकते.

कोणत्या दोऱ्या लागतात?

‘मेनशीट’ ही मुख्य दोरी शीड आत ओढते किंवा बाहेर सोडते. शिडाखालच्या आडव्या दांडीला बूम म्हणतात; ‘व्हँग’ ती वर उचलली जाऊ देत नाही. ‘आउटहॉल’ शिडाची खालची कड ताणतो. वारा मध्यम असेल तर शीड फुगीर ठेवतात, जोर वाढला की सपाट करतात.

कप्पीचे गणित काय?

विहिरीवरची कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते. सरकत्या कप्प्या जोडून भार दोरीच्या चार पदरांवर विभागला, तर घर्षण वगळता ४० किलोच्या ताणाला १० किलोचा जोर पुरतो. त्या बदल्यात बूम एक वीत खाली आणायला चार वीत दोरी ओढावी लागते.

बचत कुठे करावी?

आउटहॉलसारख्या कमी ताणाच्या जागी कप्पीऐवजी गुळगुळीत स्टीलची कडी चालते. ओढायला जोर थोडा जास्त लागतो, एवढेच. दोरी पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉनची ताणली जाते आणि शीड पुन्हा सैल पडते. साधी प्लास्टिकची दोरी स्वस्त असली, तरी उन्हात ठिसूळ होते.

काटकसर कुठे नको?

डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि त्यांच्या जोडखिळ्या दर्जेदारच हव्यात. मेनशीट तर कधीही पक्क्या गाठीने बांधू नये. ती हातात किंवा झटक्यासरशी सुटणाऱ्या दातेरी पकडीत असावी. वाऱ्याचा झोत आल्यावर ती सुटली नाही, तर बोट उलटू शकते.

पाण्यात उतरण्यापूर्वी काय?

सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. ती शिडाची नव्हती. पण पाणी बोटीचा प्रकार पाहत नाही. जलाशयात उतरण्यासाठी संबंधित विभागाची परवानगी आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवेच. नवी जुळणी आधी काठावर, बोटीचे तोंड वाऱ्याकडे ठेवून तपासावी : प्रत्येक दोरी एका हाताने ओढता आणि एका झटक्यात सोडता आली, तरच बोट पाण्यात ढकलावी.