जाम झालेले ब्रेक : हंगामापूर्वीच सोडवा



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींचे फिरणे वाढते. परवा उसाच्या नोंदी तपासत उमरी भागातील एका वस्तीवर गेलो, तर शेडखाली जीप उभी आणि चार माणसे तिला रेटताहेत. जीप जागची हलेना.

सभासद म्हणाले, "साहेब, मिरगापासून हुबीच हाय. आता ट्रॅक्टरला साखळी लावून वढावी म्हनतो."

आम्ही म्हटले, "दादा, साखळी राहू द्या. आधी रोग कळू द्या, मग औषध."

हा रोग नवा नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढच्या हंगामात मराठवाड्यातील कितीतरी कारखान्यांना ऊसच मिळाला नाही आणि वाहतुकीची वाहने दारात उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीतही तेच झाले. वाहन उभे राहिले की ते झिजत नाही, असा आपला समज. पण उभे वाहन गंजते.

ब्रेकचा ड्रम बिडाचा असतो. पावसाळी दमट हवेत त्याला गंज चढतो, आणि हँडब्रेक ओढलेला असला तर लायनर ड्रमला चिकटून बसते. हँडब्रेकची केबलही गंजून अडकते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. त्या पाण्याने व्हील सिलिंडरमधला पिस्टन आतल्या आत धरतो.

उपाय क्रमाने करावा. गाडी सपाट जागी आहे ना, हे आधी पाहावे. हँडब्रेक सोडून पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे करून पाहावे. सुटली तर ठीक; जोर मात्र करू नये. साखळीने ओढल्यास लायनर उखडते.

न सुटल्यास पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मागचे नट सैल करून गाडी जॅकवर उचलावी व खाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. चाक काढून ड्रमवर हातोडीचे हलके ठोके फिरत फिरत द्यावेत. काठावर जोराचा घाव घालू नये, बीड तडकते. शूजचे ॲडजस्टर सैल केले तर ड्रम लवकर निघतो.

ब्रेकचा निपल जरा सैल केल्यावर चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला आहे असे समजावे. दोष रबरी नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये असतो. चाक तसेच घट्ट राहिले, तर दोष शूज, केबल किंवा व्हील सिलिंडरचा.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ तोंडाने वा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून गंज पॉलिश पेपरने काढावा. लायनरवर तेल, ग्रीस, डिझेल पडू देऊ नये. सिलिंडरच्या रबरालाही ते लावू नये, रबर फुगते.

त्या जीपचे एक चाक ठोक्यांनी 'कट्' करून सुटले. दुसऱ्याचा सिलिंडर धरलेला निघाला. सभासद म्हणाले, "एका ब्रेकवर उमरीपर्यंत जाईन की!" आम्ही ठाम नको म्हटले. एकीकडचा ब्रेक लागला नाही तर गाडी दुसरीकडे खेचते, आणि हंगामात रस्त्यावर बैलगाड्या असतात, कडेने शाळेची पोरे चालतात. शेवटी मिस्त्री वस्तीवर आला, सिलिंडर बदलला, नवे ऑइल भरून हवा काढली. मग शेतातच चालवून ब्रेक तपासला. थोडे चालल्यावर एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला, तर तो अजून धरतो आहे असे समजावे.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच जपावे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. भरल्या उसाचा सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. दोन्ही पेडल सारखे लागतात का ते पाहून रस्त्यावर ती कडीने जोडूनच चालवावीत. तेलात बुडालेल्या ब्रेकचे ट्रॅक्टर मात्र मिस्त्रीकडेच न्यावेत.

पुढच्या पावसाळ्यात वाहन सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा. हँडब्रेक सोडलेला असू द्या. पंधरवड्याला चार पावले चालवा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला.

उसाची तोड एक दिवस मागे पडली तर आम्ही प्रोग्राम बदलून देऊ. रस्त्यावर गेलेला माणूस मात्र कोणत्याच प्रोग्राममध्ये परत आणता येत नाही. तेव्हा मोळी टाकण्याआधी ब्रेक तपासून घ्यावेत, ही विनंती.