लिनक्सवर गेम खेळण्यासाठी संगणक जुळवताना

घरी जुळवायच्या संगणकाचे सुटे भाग घेताना किंमत, वेग आणि वॉरंटी या तीन गोष्टी सगळेच पाहतात. संगणकावर लिनक्स चालवायचे असेल तर या तिन्हींच्या आधी चौथी गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी ड्रायव्हर बहुधा भाग बनवणारी कंपनी पुरवते. लिनक्समध्ये मात्र बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. ज्या भागाचा ड्रायव्हर तिथे आहे, तो जोडला की चालू लागतो. ज्याचा नाही, तो कितीही महाग असला तरी डोकेदुखी ठरतो.

खरेदीची सुरुवात खेळांच्या यादीपासून करावी. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘प्रोटॉन’ आणले आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. विंडोजचे खेळ डायरेक्ट-थ्रीडीच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाला सूचना देतात. प्रोटॉन त्या सूचना लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत बदलून पुढे पाठवते. अडचण उरते ती फसवणूकविरोधी यंत्रणांची. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर चालत नाहीत. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत असे, पण 2024 मध्ये त्याचाही मार्ग बंद झाला. रोज असाच एखादा खेळ खेळणाऱ्याची अडचण कोणतेही ग्राफिक्स कार्ड सोडवू शकत नाही. कोणता खेळ कितपत चालतो याच्या नोंदी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर खेळाडूच करत असतात. त्या आधी वाचाव्यात.

सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठा निर्णय ग्राफिक्स कार्डाचा. एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ हा मुक्त ड्रायव्हर 2015 पासून कर्नलमध्ये आहे आणि त्याच्या जोडीचे मेसा हे ग्राफिक्स सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (डिस्ट्रोंत) आधीच असते. त्यामुळे एएमडीच्या रेडिऑन कार्डासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. 2022 मध्ये बाजारात आलेल्या व्हॉल्व्हच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या उपकरणातही एएमडीचीच चिप आहे, आणि त्या उपकरणासाठी झालेल्या सुधारणांचा लाभ घरच्या रेडिऑन कार्डालाही मिळतो. एनव्हिडियाचे कार्डही लिनक्सवर उत्तम चालते, पण कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरला डिजिटल सही लागते. वेलँड या लिनक्सच्या पडदा-प्रणालीवर प्रतिमा लुकलुकण्याची जुनी तक्रार 2024 च्या 555 क्रमांकाच्या ड्रायव्हरनंतर बरीच कमी झाली. इंटेलच्या पहिल्या पिढीतील आर्क कार्डांना कर्नलच्या 6.2 आवृत्तीपासून पूर्ण आधार आहे.

ताजे कार्ड घेताना कर्नलचे वय पाहणे फार गरजेचे असते. रेडिऑन आरएक्स 9070 मार्च 2025 मध्ये बाजारात आले. उबंटू 24.04 त्याच्या सुमारे दहा महिने आधी, 6.8 या कर्नलसह प्रसिद्ध झाले होते. त्या मूळ प्रतीला हे कार्ड ओळखू येणे शक्यच नव्हते. म्हणून नवे कोरे कार्ड घ्यायचे असेल तर फेडोरासारखे सतत अद्ययावत होणारे वितरण घ्यावे. जुन्या, स्थिर वितरणावरच राहायचे असेल तर वर्षभर जुने कार्ड निवडावे.

कार्डाच्या मागच्या बाजूलाही एक तपशील लपलेला असतो. तिथे सहसा दोन-तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय पोर्ट असतो. एचडीएमआय 2.1 चा मुक्त ड्रायव्हर देण्याची एएमडीची विनंती एचडीएमआय फोरमने 2024 मध्ये नाकारली. त्यामुळे 4के पडद्यावर 120 हर्ट्झचा वेग हवा असेल तर रेडिऑन कार्डासोबत डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर घेणेच शहाणपणाचे.

प्रोसेसरच्या बाबतीत लिनक्स भेदभाव करत नाही. इंटेल आणि एएमडी दोन्ही चालतात. मध्यम बजेटमध्ये सहा कोअरचा रायझन 5 7600 पुरतो. त्यात छोटे ग्राफिक्स अंगभूत आहे, त्यामुळे मुख्य कार्ड रुसले तरी पडदा दिसतो. त्याच्या एएम5 सॉकेटसाठी किमान 2027 पर्यंत नवे प्रोसेसर आणण्याचे आश्वासन एएमडीने दिले आहे. रॅम 32 जीबी घ्यावी, म्हणजे पुढे वाढवण्याची घाई राहत नाही.

मदरबोर्डमध्ये खरी परीक्षा वाय-फायची. इंटेलच्या एएक्स210 कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. रिअलटेकच्या काही चिप मात्र त्रास देतात. बहुतेक मदरबोर्डवर वाय-फायचे कार्ड बोटाच्या पेराएवढे आणि सुटे असते. एक स्क्रू आणि अँटेनाच्या दोन बारीक तारा काढल्या की ते बदलता येते. म्हणून केवळ वाय-फायपायी चांगला मदरबोर्ड नाकारण्याची गरज नाही.

साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी आणि खेळ एक्सटी4 किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल-रचनेवरच ठेवावेत. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर खेळ ठेवून तेच लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे वापरण्याचा मोह टाळावा. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी जे फोल्डर तयार करते, त्यात ‘सी:’ असे नाव येते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही आणि तिथेच गाडे अडते.

एसएमपीएसचा हिशेब सोपा आहे. उदाहरणार्थ, 16 जीबीच्या रेडिऑन आरएक्स 9060 एक्सटीला सुमारे 160 वॉट आणि रायझन 5 7600 ला जास्तीत जास्त 88 वॉट लागतात. इतर भाग धरूनही नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा एसएमपीएस पुरेसा होतो. विजेचा लपंडाव असलेल्या भागात यूपीएसही हवाच. कॅबिनेट, पंखे आणि साधा कीबोर्ड-माउस यांना लिनक्सचे काही वावडे नसते. दिव्यांचे रंग किंवा द्रवाने थंड करणाऱ्या कूलरचा पंप सांभाळणारे कंपनीचे सॉफ्टवेअर मात्र बहुधा फक्त विंडोजसाठी असते. तेव्हा पंखे बायोसमधून नियंत्रित होतील असेच घ्यावेत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणक जुळवून घेणाऱ्यांनी एक लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्यावा. काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लिनक्स सुरू होते. दहा मिनिटांत वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ आणि पडद्याचा पूर्ण रिफ्रेश रेट तपासता येतो. बिल करण्याआधी दुकानदाराकडे ही दहा मिनिटे मागून घ्यावीत.