लोणार सरोवराचा वर्णपट आणि प्रकाशतंतूंची निवड

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यात असल्याचे दाखविले. अशा पाण्याचे व काठावरील बेसाल्टचे वर्णपट जागेवरच घ्यावयाचे, तर वर्णपटमापकापर्यंत प्रकाश आणणारा तंतू कोणता असावा, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. उपकरणाच्या किमतीपुढे तंतू क्षुल्लक वाटतो. परंतु त्यात हरवलेला प्रकाश पुढील कोणत्याही गणिताने परत मिळत नाही.

प्रथम काचेचा विचार करू. सिलिकेत हायड्रॉक्सिल अधिक असल्यास जंबुपार किरण चांगले पार होतात. पण ९५०, १२४० व १३८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण होते. बेसाल्टमधील पायरॉक्सीनचा शोषणपट्ट १००० नॅनोमीटरच्या सुमारास, तर जलयुक्त खनिजांचा १४०० च्या सुमारास असतो. म्हणजे जे पाहावयाचे, नेमके तेथेच तंतू आंधळा! पांढऱ्या संदर्भ-तबकडीच्या मापाने भागल्यास हा दोष निघून जातो, असे पुष्कळदा मानले जाते. शोषण सौम्य असेल तोवर ते खरे. १३८० जवळ मात्र उरतो तो केवळ गोंगाटाचा गोंगाटाशी भागाकार. यास्तव शिळांसाठी अल्प-हायड्रॉक्सिल तंतूच घ्यावा. २२०० च्या पुढे तोही मंदावतो. तेथे लांबी शक्य तितकी कमी ठेवावी.

पाण्याचे काम त्या मानाने सुलभ आहे. लवणप्रिय जीवांची लाल रंगद्रव्ये ४७० ते ५३०, नीलहरित शैवालांचे फायकोसायनिन ६२० व हरितद्रव्य ६७५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. तेथे दोन्ही तंतू चालतात.

गाभ्याच्या व्यासाबाबत मोह आवरावा. २५ मायक्रॉनच्या फटीसमोर ६०० मायक्रॉनचा गाभा ठेवला, तर त्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे ५ टक्के भागच उपयोगी पडतो. २०० मायक्रॉनच्या गाभ्याच्या तुलनेत एकूण प्रकाश तिप्पट मिळतो खरा, पण फट व अभिज्ञातक पुरेसे उंच असतील तरच. फट नसलेल्या उपकरणात गाभाच फटीचे कार्य करतो, आणि जाड गाभ्याने पृथक्करण बिघडते.

नेहमीच्या तंतूचा ग्रहणकोन हवेत सुमारे २५ अंश असतो. उघडे टोक पाण्यावर एक मीटर उंच धरल्यास सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते. टोक पाण्यात बुडविल्यास तोच कोन १९ अंशांवर येतो. दोन्ही प्रकारची मापे एकाच तक्त्यात मांडताना हा फरक नोंदविलाच पाहिजे.