भर दुपारी सौरपंप बंद पडतोय? आधी कंट्रोलरची पेटी बघा

अहिल्यानगर : शेतीला दिवसा सौरवीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात 2017 साली आपल्याच राळेगणसिद्धीतून झाली. आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप'मुळे वावरात पॅनेल दिसू लागलेत. पण एप्रिल-मे आला की तक्रार ठरलेली, "सकाळी पंप चांगला चालतो, दुपारी बारा-एकला बंद पडतो, चारनंतर आपोआप सुरू होतो." ऊस, घास, लिंबाला पाण्याची गरज असते नेमकी तेव्हाच!

असं का होतं? पॅनेलची डीसी वीज मोटरला चालेल अशी करायचं काम कंट्रोलर करतो. हे करताना थोडी वीज उष्णता बनते. 5 एचपीच्या मोटरला साधारण 4 किलोवॅट वीज जाते. त्यातली 3-4 टक्के जरी वाया गेली तरी 120 ते 160 वॅट झाले. म्हणजे जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब बंद डब्यात दिवसभर लावून ठेवल्यासारखं.

ही उष्णता बाहेर काढायला पेटीच्या मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांना हीटसिंक म्हणतात. मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशाच. खालून गार हवा येते, तापून वर निघून जाते. बाहेर 42 अंश, पेटीवर थेट ऊन आणि पट्ट्यांत धूळ बसलेली असेल, तर आतले भाग खूप तापतात. मग कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटरचा वेग कमी करतो, नाहीतर बंदच होतो. शिवाय आतल्या कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे आज नुसता बंद पडणारा कंट्रोलर उद्या जळूही शकतो.

पण घाई करू नका. विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी पंप बंद पडतो. स्क्रीनवरचा कोड लिहून घ्या, फोटो काढा. कोड पाण्याचा आहे की तापमानाचा, हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

काय करावं :
- पेटी पॅनेलच्या सावलीत असावी. दुपारी तिच्यावर ऊन येतं का, हे उभं राहून बघा.
- चोरीच्या भीतीने बरेच जण पेटी लोखंडी कपाटात कोंडतात. कुलूप लावा, पण कपाटाला खाली-वर जाळी ठेवा आणि चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.
- गोणपाट, प्लॅस्टिक गुंडाळू नका. वर पत्र्याचं छप्पर करा, पण हवा खेळती ठेवा.
- पट्ट्यांतली धूळ, गांधीलमाशीचं पोळं सूर्य मावळल्यावर, स्विच बंद करून कोरड्या ब्रशने काढा.
- पंखा असेल तर तो फिरतो का, ते बघा.

काय करू नये : गरम पेटीवर पाणी मारू नका. पेटी उघडू नका. ऊन आहे तोवर पॅनेलमधून येणारी डीसी वीज जीवघेणी असते. पेटी उघडली तर हमीही जाऊ शकते. योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, तेव्हा पेटीची जागा बदलायची असली तरी पुरवठादार कंपनीच्याच माणसाला बोलवा. दाद मिळाली नाही तर महावितरणकडे तक्रार नोंदवा.

एक लक्षात ठेवा, पॅनेलला ऊन लागतं, कंट्रोलरला सावली.