गोल्फच्या चेंडूवरचे खळगे

गुळगुळीत चेंडू अधिक लांब जाईल, असेच तुम्हांला वाटेल. वर्गात विचारले की बहुतेक हात याच बाजूने वर होतात! पण १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकाचे, गुळगुळीत चेंडू आले, तेव्हा खेळाडूंना उलटेच दिसले. ओरखडे पडलेले जुने चेंडूच दूर जात. असे का?

गुळगुळीत चेंडूला लगटून वाहणारी हवा त्याच्यापासून लवकर सुटते. मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला रुंद पट्टा उरतो व चेंडू मागे ओढला जातो. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा पातळ थर क्षुब्ध होतो आणि अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो. पट्टा अरुंद होतो. हवेचा रोध सुमारे निम्म्यावर येतो.

१९७१ साली ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू टोलवले. तेथे हवाच नाही. खळगे असून नसून सारखेच!